ताणातली मोजणी

धामणखुटीच्या ग्रामसभेत मोनालीने गुंडातलं पाणी बाहेर न काढता मोजून दाखवलं, त्या दिवशी अर्ध्या गावाला वाटलं की ही पोरगी कुठून तरी मंतर शिकून आली. खरं म्हणजे ते अकरावीच्या पुस्तकातलं गणित होतं, आणि तेही हमखास मार्क देणारं.

पितळेचा गुंड तिच्या थोरल्या भावाने, भूषणने, घरून भरून आणला होता. तोंडाला फडकं बांधलेलं. आत पाणी किती, हे एकट्या त्याला माहीत. बहिणीची जरा फजिती व्हावी म्हणून त्याने गुंड काठोकाठ न भरता अधेमधेच सोडला होता आणि मिशीतल्या मिशीत हसत पुढच्या रांगेत बसला होता. मोनाली तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. धामणखुटी तिचं माहेर. माहेरच्या माणसांसमोर तोंडावर पडायला कोणाला आवडतं?

"हे पन्नास ग्रॅम मीठ," तिने पुडी दाखवली आणि फडकं जरासं उचलून गुंडात रिकामी केली. "आता पाणी किती खारट झालं, ते हे यंत्र सांगेल."

ती यंत्र पाण्यात घालणार तोच बायकांच्या रांगेतून तिची भावजय ज्योती ओरडली, "अवं, ढवळा तं पह्यले मोनाताई! न ढवळता वरनाचं मीठ पाह्यते काय कोणी?"

सभा खदाखदा हसली. मोनालीही हसली. "तेच करते वैनी," असं म्हणून तिने लांब पळीने गुंड चांगला ढवळला, मग यंत्राचं टोक आत बुडवलं. एका लिटरमागे चार ग्रॅम, असं यंत्राने दाखवलं.

"लिटरला चार ग्रॅम मीठ आलं. घातलं होतं पन्नास. पन्नासाला चारने भागा. साडेबारा लिटर पाणी आहे. काय दादा?"

भूषण डोकं खाजवत उभा राहिला. "साडेबाराच हाये बापा. मापानं मोजून टाकलं होतं मी."

टाळ्या पडल्या. भूषणने सगळ्यांत जोरात वाजवल्या. बहिणीची फजिती करायला आलेला माणूस, पण तिचं उत्तर बरोबर आल्यावर त्याच्याइतका आनंद कोणालाच झाला नव्हता.

मग मोनालीने खरी गोष्ट सांगितली. हा गुंड म्हणजे आपल्या पायाखालचा खडक. त्याच्या भेगांत, फटींत शेकडो वर्षांचं पाणी साठलंय. वरवरचं पाणी पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात संपतं, ते विहिरीतलं. पण आपण सातशे-आठशे फुटांवरून जे उपसतो, ते परत भरायला आपल्या पणतवंडांचंही आयुष्य पुरायचं नाही. ते किती आहे हे आजपर्यंत देवालाच माहीत होतं. आता एका संस्थेने असं मीठ बनवलंय, जे निसर्गात कुठेच सापडत नाही. त्याला चव नाही, त्याने झाडाला, माणसाला, जनावराला काही होत नाही, ते खडकाला चिकटत नाही. आणि ते ओळखणारा डोळा हरभऱ्याएवढा आहे. कोटी लिटर पाण्यात चिमूटभर असलं तरी नेमकं किती ते सांगतो. मीठ किती घातलं ते आपल्याला माहीत, पाण्यात किती उतरलं ते डोळा सांगणार. भागाकार केला की खालचं पाणी किती ते कळलं!

२०४१ साल होतं ते. सातपुड्याच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा संत्र्याचा. बागेत फवारणीला ड्रोन फिरायचे, ट्रॅक्टर आपोआप वळायचे, प्रत्येक बोरवर सौर पंप. वीजबिल नावाची गोष्टच उरली नव्हती. ऊन फुकट, म्हणून उपसा फुकट. कोण किती ओढतो, कोणाला फिकीर? मोनालीला फिकीर होती. तिला मनापासून वाटायचं की माणूस वाईट नसतो, त्याला फक्त नेमकं माहीत नसतं. एकदा आकडा समोर आला की तो शहाणा होतो. मास्तरीण ती. मास्तरांना असं वाटतंच.

आणि तिचा स्वतःचा जीवही त्यात अडकला होता. त्यांचे बाबा गेले त्या वर्षी भूषणने जुनी वठलेली झाडं काढून नवी बाग लावली होती. कलमं बाबांनीच निवडलेली, खड्डे बाबांनीच आखलेले. लावायच्या आधी ते गेले. आता कुठे बागेने दोन बहार दिले होते. ती बाग उभी राहावी, एवढंच तिला हवं होतं.

मोजणी करायची तर प्रत्येक बोरमध्ये तो डोळा सोडायला हवा, आणि डोळा सोडायचा तर पंप वर ओढायला हवा. चालू पाण्यात आपला पंप कोण काढू देईल? "झाडं का तुह्या मिठासाठी उपाशी ठेवू?" असं एकाने तोंडावर सांगितलं.

पण संत्र्याच्या गावात एक वेळ अशी येते, जेव्हा सगळे पंप आपोआप बंद असतात. थंडीत झाडाला ताण देतात. म्हणजे पाणी पूर्ण तोडायचं. पानं मलूल होतात, झाड जिवाला घाबरतं, आणि मग एके दिवशी पाणी सोडलं की अंगभर फुलतं. या ताणाच्या दिवसांत अख्खं शिवार शांत. पंपाची घरघर नाही, नळीची फुसफुस नाही. लोक मोकळे. मोनालीने हेच दिवस धरले. कोणी नाही म्हणालं नाही. भूषण स्वतः घरोघर फिरून पंप काढायला हात लावू लागला. "माह्या बहिणीचं काम हाये," असं छाती काढून सांगायचा.

पाच बोरमध्ये मीठ सोडलं. सगळ्या बोरमध्ये डोळे उतरले. मोनालीच्या फोनवर प्रत्येक बोरची एकेक रेषा उमटू लागली. आधी रेषा वर गेल्या, जराशा हलल्या, मग सपाट झाल्या. कितीतरी दिवस सपाट.

पुण्याहून डॉ. शर्वरी सोहोनी पडद्यावर आल्या. संस्थेत या मोजणीच्या प्रमुख त्याच. हुशार बाई, बोलणंही गोड.

"मॅडम, रेषा किती सुंदर स्थिर झाल्यात बघा. म्हणजे मीठ पूर्ण मिसळलं. काही बोरमध्ये मीठ दिसलंच नाही, ती वेगळ्या साठ्यातली असणार. संगणकाने ती हिशोबातून वगळली आहेत."

"मग आकडा सांगायचा?"

"सांगा ना. गाव वाट बघत असेल."

गाव वाट बघतच होतं. ताण तोडून बहाराचं पाणी सोडायच्या आधी सगळ्यांना आकडा हवा होता. मोनालीने तो सभेत सांगितला. आज जेवढं उपसता तेवढंच उपसत राहिलात, तर सहा वर्षं. मग संपलं.

मागे एक म्हातारी "अरे देवा" म्हणाली तेवढंच. मग सरपंच गजाननराव आंडे उठले. सरळ माणूस, बोलणं तुटक. म्हणाले, "आपन सगळ्यायनं आजपासून अर्धंच पानी काढायचं. सहाचे बारा वर्षं होतीन. तवर काही तरी रस्ता निघंन. कोण कोण कबूल हाये?"

भूषण पहिला उठला. टेबलावरच्या तांब्यातल्या पाण्यावर हात ठेवून म्हणाला, "मी अर्धंच काढीन. अन नवा बोर मारनार नाई. माह्या बाबाच्या बागेची आन." त्याच्यामागोमाग रांग लागली. सगळ्यांनी पाण्यावर हात ठेवला. मोनालीला रडू आलं. तिला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी मोठं काम केलं.

कशाचं काय! आठवडाही उलटला नाही, आणि पहिली बोरची गाडी गावात शिरली. ती कोणाच्या शेतात गेली हे महत्त्वाचं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी तिच्यामागे दुसरी आली. प्रत्येकाचं म्हणणं एकच. सहा वर्षांचं पाणी आहे, मी नाही काढलं तर शेजारी काढेल. ज्याचं लवकर त्याचं पाणी. हजार फूट, बाराशे फूट. आणि नुसतं काढायचं नाही, तर काढून ठेवायचं! शिवारभर शेततळी खणली गेली, त्यात काळं प्लास्टिक अंथरलं, आणि जमिनीखालचं शेकडो वर्षांचं पाणी वर आणून उन्हात ओतलं. विदर्भाचं ऊन ते. निम्मं पाणी आभाळातच जायचं. पण डोळ्यांसमोर भरलेलं तळं दिसलं की माणसाला बरं वाटतं, "आपलं पानी आपल्या तळ्यात."

मोनाली कॉलेज सुटलं की गाडी काढून गावात यायची आणि घरोघर हात जोडायची. लोक चहा द्यायचे. एक बागायतदार तर तिला म्हणाला, "मॅडम, तुमीच तं सांगितलं पानी संपनार म्हनून. तुमचे लय उपकार झाले. नाई तं आमी झोपूनच राह्यलो असतो."

भूषणच्या बागेच्या दोन्ही अंगांना नवे बोर झाले. त्याचा जुना बोर अर्ध्या वेळातच हवा ओढून गरगरायला लागला. एका संध्याकाळी ज्योतीने मोनालीला स्वयंपाकघरात ओढलं.

"मोनाताई, तुमी सांगा त्यायले. बोर मारा म्हना. तुमच्याशिवाय ते कोणाचं ऐकत नाईत."

मोनाली अंगणात आली. भूषण ठिबकच्या नळ्या साफ करत बसला होता. तिला सांगायचं होतं, मार दादा तू पण. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "काय म्हनते तुहा आकडा? अर्ध्यानंच भागवायचं ना?" त्या नजरेत इतका भरवसा होता की तिच्या तोंडातले शब्द फिरले. "एकानं तरी शब्द पाळला पायजे, दादा," ती म्हणाली.

"तं मंग झालं," भूषण म्हणाला आणि पुन्हा नळीत तार घालू लागला. ज्योती दारातून पाहत होती. त्या दिवसापासून ती मोनालीशी कामापुरतंच बोलू लागली.

होळीच्या सुमारास जिल्ह्याहून आदेश आला. मोनालीच्याच आकड्याचा आधार घेऊन धामणखुटीच्या हद्दीत नवीन बोरवर बंदी. झालेले बोर तसेच राहतील, नवा एकही नाही. म्हणजे ज्यांनी शब्द मोडला त्यांना पाणी, आणि ज्याने पाळला त्याच्या दाराला कुलूप. आता बोला!

एप्रिलात अकरावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मोनाली टेबलांमधून फिरत होती. पोरांना साधंच काम दिलं होतं. तीव्र द्रावण दिलंय, त्यातलं किती घेऊन किती पाणी घातलं तर हवं तेवढं सौम्य होईल, ते काढा आणि लांब मानेच्या चंबूत तयार करा. एका मुलीच्या चंबूपाशी ती थांबली. खाली गडद जांभळा थर, वर स्वच्छ पाणी. जांभळी रेघ जागच्या जागी. मुलगी तळातलं द्रावण पिपेटीने ओढणार होती.

"हलवलं नाहीस," मोनाली म्हणाली. "तळातलं घेतलंस तर वाटेल सगळं असंच गडद आहे. म्हणजे पाणी कमी..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. तिने चंबू त्या मुलीच्या हातातून घेतला. तो थर हलत नव्हता. थर स्थिर होता. अगदी सपाट.

तिने फोन काढला, आणि आज किती आठवड्यांनी कोण जाणे, रेषा उघडून पाहिल्या. त्या सगळ्या खाली घसरत होत्या. आणि ज्या बोरमध्ये मीठ दिसलंच नव्हतं, वेगळ्या साठ्यातली म्हणून वगळली होती, त्यांतही मीठ उगवलं होतं.

भांड्यातलं सरबत पेलाभर काढून घेतलं म्हणून उरलेलं सरबत कमी गोड होत नाही. उपशाने पाणी कमी होतं, त्यातलं मिठाचं प्रमाण तेच राहतं. ते घटायचं तर एकच कारण, मीठ आणखी पाण्यात पसरतंय. पाऊस तर पडला नव्हता. म्हणजे ते पाणी आधीपासूनच होतं. मीठ तिथवर गेलंच नव्हतं, कारण त्याला तिथवर न्यायला पंपच चालू नव्हते. सगळा गाव ताणात होता. मीठ ओतलं तिथेच घोटाळत बसलं, जांभळ्या थरासारखं, आणि त्या स्थिर थराला त्यांनी मिसळलेलं पाणी समजून भागाकार केला. न ढवळता चव घेतली.

तिला अख्ख्या सभेचं हसणं आठवलं. वरणाचं मीठ! अकरावीतल्या पोरीची चूक तिने अख्ख्या गावाच्या पोटावर केली होती. ती स्टुलावर बसली, आणि पोरांना वाटलं मॅडमना उन्हाचा त्रास झाला.

घरी जाऊन तिने नवीन रेषांवरून आकडा काढला. पाणी सहा वर्षांचं नव्हतं, दहा वर्षांचं होतं. क्षणभर तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. मग कळलं की "होतं" हाच शब्द खरा. मीठ आता मिसळत होतं, कारण पंप दिवसभर धडाडत होते. त्या रेषा जेवढ्या खाली येत होत्या, तेवढं पाणी तळ्यांवाटे उडून चाललं होतं.

तिने डॉ. सोहोनींना पडद्यावर सगळं सांगितलं. "ताण म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मोनालीने सांगितलं.

"त्या काळात एकही पंप चालत नाही? मॅडम, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं नाही."

"आम्हाला विचारायचं कसं सुचणार? आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं."

"आणि मला सांगायचं कसं सुचणार? मला वाटलं हे सगळ्या जगाला माहीत असतं."

भांडून काही होणार नव्हतं. डॉ. सोहोनी म्हणाल्या, "सुधारित आकडा मी जाहीर करू शकते. पण तो नक्की करायला पुन्हा मोजणी लागेल. दुसऱ्या जातीचं मीठ वापरून. आणि ते पावसाळ्यानंतरच."

मोनाली सरपंचांकडे गेली. गजाननरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. एकदाही तिला बोल लावला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"मॅडम, एक सांगू? पानी संपनार हाये म्हनलं, तं लोकायनं जास्त काढलं. आता पानी लय हाये म्हनाल, तं कमी काढतीन असं वाटते काय तुमाले? तळे अजून मोठे करतीन. तुमी गप राहा. माहं हात जोडून सांगनं हाये."

तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबांनीही तिला बसायला खुर्ची दिली, पंखा वाढवला. "मॅडम, बंदी तुमच्या आकड्यावर आली. उठवायची तर नवीन आकडा लागेल. तो आणा, मी लगेच वर पाठवतो."

"तोवर एका बोरला परवानगी द्या. एकच. माझ्या भावाला. त्याने शब्द पाळला म्हणून तो मागे राहिला."

"एकाला दिली की शंभर येतील. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

तो माणूस वाईट नव्हता. सगळे बरोबरच बोलत होते. प्रत्येक दार उघडंच होतं आणि प्रत्येक दारातून तिला नम्रपणे परत पाठवलं जात होतं.

भूषणला सांगावं का? रोज संध्याकाळी ती ठरवायची आणि रोज सोडून द्यायची. सांगून काय होणार? बोर मारायला बंदी. उरलं काय, तर माझ्या चुकीपायी तू थांबलास, हे ऐकवायचं. सांगितलं तर मन मोकळं होईल ते माझंच, असं ती स्वतःला म्हणायची. कधी तिला वाटायचं, हा नुसता भित्रेपणा आहे. दोन्ही खरं असावं.

मे महिन्यात भूषणचा बोर आटला. पंप सुरू केला की नुसती हवा यायची, आणि थोडा गढूळ फेस. त्याने टँकर लावले. एका बागेला टँकर म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. आधी फळं गळली, वाटाण्याएवढी हिरवी, झाडाखाली सडाच. मग पानं वळली. ताणातलं झाडही असंच दिसतं, म्हणून भूषण म्हणायचा, "ताणावर हाये समज. एक पानी भेटलं का उठते पाह्य." शेजारच्या बांधापलीकडे बाराशे फुटांच्या पाण्याने तळं तुडुंब भरलेलं. त्यावर वाऱ्याने लाटा यायच्या. ज्योतीने एकदा शेजाऱ्याकडे पाणी मागितलं. त्याने दिलंही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याचीच बायको आडवी आली. तिचीही झाडंच होती.

पाऊस आला. पण वरचा पाऊस खाली जात नाही, आणि मुळं जळाल्यावर पाऊस येऊन काय करतो? काही झाडांनी पालवी धरली, मग तीही काळी पडली.

दिवाळीनंतर दुसरी मोजणी झाली. या वेळी ढवळायची चिंता नव्हती. अख्खं गाव वर्षभर ढवळतच होतं. नवीन मीठ सोडलं ते आठवडाभरात सगळीकडे सारखं पसरलं. डॉ. सोहोनी स्वतः आल्या होत्या. त्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

पाच वर्षांचं पाणी उरलं होतं.

दहा वर्षांचं होतं. पाच वर्षांचं एका वर्षात उपसलं. उरलं पाच. आणि मोनालीने गेल्या थंडीत काय सांगितलं होतं? सहा वर्षं. त्यातलं एक सरलं. राहिली किती? पाच! चुकीच्या आकड्यावर गावाने इतका विश्वास ठेवला की तो बरोबर करून दाखवला.

"आधीची चूक अहवालात लिहावी लागेल," डॉ. सोहोनी हळूच म्हणाल्या. "लिहीन मी. पण वाचणारे शेवटचा आकडाच वाचतील, मॅडम."

झालंही तसंच. जिल्ह्यात बोभाटा झाला की धामणखुटीच्या मॅडमचा अंदाज वर्षभरात तंतोतंत खरा ठरला. बंदी उठायचा प्रश्नच मिटला. उलट ती आणखी पाच गावांना लागू झाली. पत्र्याच्या शेडखाली पुन्हा सभा भरली, आणि मोनालीला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. तिने उभं राहून स्पष्ट सांगितलं, "माझा आकडा चुकला होता. मीठ मिसळलंच नव्हतं. पाणी जास्त होतं." पुढच्या रांगेतली माणसं कौतुकाने माना हलवत होती. बाजूला बसलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य, एवढी शिकली पन गर्व नाई." टाळ्या पडल्या. गजाननरावांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि तिच्याकडे न पाहता नारळ हातात दिला.

भूषण त्या सभेला आला नव्हता. ती शाल तशीच खांद्यावर घेऊन मोनाली बागेत गेली. तो झाडं कापत होता. बॅटरीची करवत, मागे ट्रॉली. अर्धी बाग आडवी झाली होती. बाबांनी आखलेल्या ओळी आता बुंध्यांवरून कळत होत्या. तिला पाहून त्याने करवत थांबवली आणि कपाळ पुसलं.

"सत्कार झाला?" त्याच्या तोंडावर खरंखुरं हसू होतं. "माह्याच्यानं येनं नाई झालं. ट्रॉली आजच्या दिवसच भेटली."

"दादा, माझा आकडा चुकला होता."

त्याला आधी कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. गुंड, पळी, ताण, बंद पंप, तो जांभळा थर. एप्रिलपासून मला माहीत होतं, हेही सांगितलं. भूषण बुंध्यावर बसला. हातातल्या करवतीवरचा भुसा अंगठ्याने काढत राहिला.

"मंग खरं किती होतं?"

"दहा वर्षांचं."

"अन त्या दिवशी कबूल केलं तसं सगळ्यायनं अर्धंच काढलं असतं तं?"

हे गणित तिने केव्हाच करून ठेवलं होतं. "वीस."

संत्र्याचं झाड वीस-पंचवीस वर्षं जगतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने उभ्या राहिलेल्या झाडांकडे पाहिलं.

"म्हंजे पुरलं असतं."

"पुरलं असतं, दादा."

मोनाली वाट पाहत होती. त्याने ओरडावं, हात उगारावा, निदान निघून जा म्हणावं, असं तिला वाटत होतं. त्याने तसं काहीच केलं नाही.

"हे तू सभेत सांगितलं?"

"सांगितलं. कोणी ऐकलं नाही."

"आता अजून सांगत बसू नको," तो म्हणाला. "अन ज्योतीजवळ तं बिलकुल नाई. गावात मी कुठंबी गेलो तं लोक एकच म्हनतेत, भूषन, तुह्या बहिणीचा आकडा बरोबर निघाला बापा. बाग तं गेली. आता माह्याजवळ तेवढंच हाये. ते राहू दे."

तो उठला आणि त्याने करवत सुरू केली. मोनाली जरा वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने खांद्यावरची शाल घडी करून बांधावर ठेवली आणि पडलेल्या फांद्या ट्रॉलीकडे ओढायला लागली.